निशाणी बांगडीची

पडताळणीला पन्नासच्या आधीचा कागद लागतो,
म्हणून आत्याच्या ट्रंकेत हात घातला.
वर डांबरगोळ्या, गिरणीचा बोनसचा पास,
कुणाचं तरी रेशनकार्ड,
आणि तळाशी मेणकापडात
आठ आण्यांचा स्टँप, चार घड्या, मोडी.
पूर्वाच्या प्रवेशाला अकरा दिवस उरलेले.

महालात मोहरील गुरुजी ओळीमागे तीस रुपये घेतात.
कागद उडतो म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद केला त्यांनी,
पंच्याने मान पुसली,
आणि आधीच ओढून ठेवलेल्या रेघेला लोंबकळणाऱ्या अक्षरांतून
एकेक माणूस सोडवत बसले.

फसली तेराशे अठरा, माघ वद्य. मुक्काम तांडापेठ.
लिहून देणार डोमा वल्द पैकू.
घेणार सगुणी, मयत उकंड्याची बायको.
कारणे पाटाची याद लिहून दिली ऐसी जे.

"पाटाची?"
"पाटाचीच," गुरुजी म्हणाले, मान वर न करता.
आमच्या घरात हा शब्द
मी फक्त जेवायला बसायच्या अर्थाने ऐकला होता.

देज रुपये सतरा.
लुगडे सोळा हाती एक, पितळी गुंड एक.
नवऱ्याने दारू पिऊन हात उचलल्यास
पंचांपुढे काडी मोडावी, देज परत मागू नये.
माग बाईचा. मोडल्यास बाईने न्यावा.

माग बाईचा!
आणि आजा आयुष्यभर मिशीला पीळ देत सांगत आला,
हा आमच्या बापजाद्यांचा माग.

पुढे घडीवर कसर लागलेली, दोन-अडीच शब्द गेलेले.
मग गुरुजी थांबले.
बोट तिथंच ठेवून दुसऱ्या हाताने पाणी प्यायले.

कडेवरचे पोर नामे गोमा, उमर दीड साल.
आधीच्या सासरचा दावा रुपये नऊ देऊन तुटला.
रुपये बाईने देजातून दिले.

गोमा माझा पणजा.
सतरातून नऊ गेले, आठ राहिले.
पाट रात्री लागतो, दिवा मालवून.
त्या अंधारात ती आठ रुपये कनवटीला खोचून उभी असेल,
आणि पोर त्या वेळी कुणाजवळ होतं
ते कागदात नाही.
डोमाने हात उचलला की नाही, तेही नाही.
मागाच्या खड्ड्यावर आता फरशी आहे,
फरशीवर भाड्याने दिलेलं झेरॉक्सचं दुकान.

आई म्हणाली, झाकून ठेव बापा,
पोरीचं लगन व्हाचं हाय अजून.
भाऊ म्हणाला, हे दाखवशीन त रगताचं नातंच तुटते,
कमेटी इचारन, तुमी पैकूचे का उकंड्याचे?
आणि हा उकंडा कोण, कुठला,
त्याचं एक अक्षर नाही कुठं.

सिव्हिल लाइन्सला, झाडाखाली, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र.
चौकोनात पुरुष, पुरुषाखाली पुरुष,
टायपिस्टकडे तसा साचाच तयार आहे.
"गोमाच्या वर कोण?"
मागे रांग, कुणीतरी खोकतंय.

मी उगाच कागद पुन्हा उलगडला.
शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या: धोटा, धोटा, कात्री.
कोपऱ्यात एक वाटोळं, पुरतं न मिटलेलं,
शेजारी कारकुनाचा हात:
निशाणी बांगडीची, बाई सगुणी.

पूर्वा वाकून बघत होती.
"पण बाबा, तेव्हा ती विधवा होती ना?
मग बांगडी कुणाची?"

"लवकर सांगा भाऊ," टायपिस्ट म्हणाला.
"सगुणी," मी म्हटलं.
त्यानं बोटं थांबवली, माझ्याकडे पाहिलं,
मग टाइप केलं. स, गु, णी.

"मधलं नाव?"